रॉक अँड रोल कुठून आलं? आधी ड्रम्स ऐका, गायक नंतर

मला विचारलेला प्रश्न असा होता: रॉक अँड रोल एल्विस प्रेस्लीने सुरू केलं का, नसेल तर पहिलं गाणं कोणतं, आणि ब्लूजमध्ये (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या गाण्यांचा प्रकार) आणि यात नेमका फरक काय, कारण ऐकायला दोन्ही एकसारखंच वाटतं.

मी ड्रमर आहे, सव्वीस-सत्तावीस वर्षं वाजवतोय, आधी ऑर्केस्ट्रात, मग हॉटेलच्या बँडमध्ये, आता जास्त करून शिकवतो. त्यामुळे माझं उत्तर ड्रम्सच्या मागे बसून दिलेलं असणार हे आधीच सांगतो, पण मला मनापासून वाटतं की या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच सापडतं. गायकांची नावं सगळ्यांना पाठ असतात. गाणं बदललं ते मात्र ठेक्यात, आणि तो ठेका ज्यांनी बदलला त्यातल्या बऱ्याच जणांची नावं रेकॉर्डच्या लेबलवरही छापली नव्हती.

एल्विसचं आधी मिटवून टाकू. नाही, त्याने सुरू केलं नाही. 5 जुलै 1954 ला मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या सन स्टुडिओत त्याने ‘दॅट्स ऑल राइट’ म्हटलं, ते मूळ आर्थर क्रूडप या ब्लूज गायकाचं 1946 चं गाणं होतं. आणि गंमत बघा, त्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम्स नाहीतच! एल्विसची गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा मोठा बास, बस एवढंच. बिल ब्लॅक बासची तार ओढून सोडतो ती लाकडावर आपटते आणि टक् असा आवाज येतो, त्या टक् टक् वरच सगळं गाणं चालतं. म्हणजे तोपर्यंत हा ठेका लोकांच्या कानात इतका मुरला होता की ड्रमर नसला तरी तो कुठूनतरी काढावाच लागत होता. मग प्रश्न उरतो की तो मुरला कुठून.

पुढचं वाचायच्या आधी एक करून बघा, कारण हे हाताला कळलं की बाकी सगळं सोपं होतं. एक दोन तीन चार असं मोजत पाय आपटा. आपल्याला लहानपणापासून समेवर वजन द्यायची सवय आहे, टाळी आपोआप एकवर पडते. आता टाळी फक्त दोन आणि चारवर द्या. याला बॅकबीट म्हणतात. आता दुसरी गोष्ट. प्रत्येक मात्रेचे तीन सारखे तुकडे करा, मधला गाळा, पहिला आणि तिसरा म्हणा: डाऽ-डा डाऽ-डा डाऽ-डा डाऽ-डा. हा झाला शफल, ब्लूज आणि बूगी (पियानोवरचा नाचाचा प्रकार, पुढे येईलच) याच्यावर चालतात, लंगडत चालल्यासारखा डौल असतो त्याला. आता मात्रेचे दोन सारखे तुकडे करा: डाडा डाडा डाडा डाडा. हे स्ट्रेट, सरळ. ब्लूज बऱ्याचदा शफलवर चालतो, 1960 नंतरचं रॉक बहुतेक सरळ आहे, आणि रॉक अँड रोल म्हणजे या दोघांच्या मधली ती दहाएक वर्षं, जेव्हा एकाच गाण्यात कोणी शफल वाजवतोय आणि कोणी सरळ, आणि दोघंही मागे हटत नाहीत. फरक काय विचारलंत ना, माझ्या मते फरक हा.

मला हे कोणत्याही पुस्तकातून कळलं नाही. ऑर्केस्ट्रात असताना आमच्याकडे गोव्याचे एक वयस्क पियानो वाजवणारे अंकल होते, त्यांचं तरुणपण मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गेलेलं. रिहर्सलला एक जुनं फास्ट गाणं काढलं होतं आणि मी ते एकदम सरळ, आजच्या रॉकसारखं वाजवत होतो. सगळं तालात होतं तरी गाणं उठत नव्हतं. अंकलनी थांबवलं आणि म्हणाले, ‘मॅन, तू झुलत वाजव, मी सरळ वाजवतो, माझ्याकडे बघू नको.’ दुसऱ्या मिनिटाला समोर बसलेल्या साउंडवाल्या पोराचा पाय हलायला लागला. त्या दिवसापासून मी जुन्या रेकॉर्ड ऐकतो तेव्हा आधी हेच शोधतो की कोण झुलतोय आणि कोण सरळ चाललाय.

आता मुळाकडे. अमेरिकेत गुलामीच्या काळात बऱ्याच ठिकाणी आफ्रिकन लोकांना ढोल वाजवायला बंदी होती. साउथ कॅरोलायनात 1739 ला गुलामांचा उठाव झाला, आणि 1740 च्या कायद्याने ढोल आणि शिंगं बंद केली, कारण मालकांना भीती होती की हे लोक ढोलावरून निरोप पाठवतात. मग ताल गेला हातात, पायात, मांड्यांवर, छातीवर. त्या अंगावर थापट्या मारत वाजवायच्या प्रकाराला हॅम्बोन म्हणतात. न्यू ऑर्लिन्स हे यातलं वेगळं शहर, तिथे काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात रविवारी गुलाम लोक जमून उघडपणे ढोल वाजवायचे, नाचायचे. म्हणून पुढची निम्मी गोष्ट न्यू ऑर्लिन्समध्ये घडते यात मला नवल वाटत नाही.

दुसरी जागा म्हणजे चर्च. सगळी चर्च नाही, पेंटेकोस्टल पंथाची, जिथे देवाचं नाव घेताना गिटार, डफ, ड्रम्स सगळं चालायचं आणि आख्खी मंडळी दोन आणि चारवर टाळ्या द्यायची. सिस्टर रोझेटा थार्प या चर्चमध्ये वाढली. जन्म 1915, आर्कान्सॉमधलं कॉटन प्लांट गाव, आई स्वतः प्रवचन करायची, आणि ही लहानपणापासून गिटार घेऊन आईबरोबर गावोगाव फिरली. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला ताल वेगळा शिकवावा लागत नाही, तसंच हे. 1944 ला तिने ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ रेकॉर्ड केलं, शब्द भक्तीचे, पियानोवर सॅमी प्राइसचं बूगी, आणि मध्ये तिच्या गिटारचा तुकडा. 1945 ला हे भजन कृष्णवर्णीयांच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर जाऊन बसलं. हे गाणं एकदा ऐका आणि मग सांगा की गिटार हातात घेऊन उभं राहायची ती ऐट कुठून आली. 1947 ला जॉर्जियातल्या मेकन गावात तिचा कार्यक्रम होता, तिथल्या हॉलमध्ये कोका-कोला विकणाऱ्या एका पोराचं गाणं तिने ऐकलं आणि त्याला स्टेजवर बोलावलं. तो पोरगा लिटल रिचर्ड. तिला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं 2018 ला, ती 1973 मध्येच गेली होती. मला याचा आजही राग येतो.

तिसरी गोष्ट पियानोची. बूगी-वूगी म्हणजे डाव्या हाताने एकच आकृती न थांबता फिरवत ठेवायची आणि उजव्या हाताने वर खेळायचं. टेक्सास-लुइझियानाच्या लाकूडतोडीच्या वसाहतींमध्ये पियानोवाला एकटाच असायचा, लोकांना नाचायला तर हवं, मग ड्रम आणि बास दोन्हीचं काम त्याचा डावा हात करायचा. साचा बहुतेक वेळा बारा बारचा, बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन. आपल्या भाषेत सांगतो: चार बार ‘सा’ चा कॉर्ड (म्हणजे एकदम वाजवलेले दोन-तीन सूर), दोन बार ‘म’, परत दोन बार ‘सा’, मग एक ‘प’, एक ‘म’, आणि शेवटचे दोन ‘सा’. एवढाच सांगाडा. गळा मात्र कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधल्या जागेत फिरत राहतो, पियानोवर ती जागा नाहीच, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम किंवा एकीवरून दुसरीवर घसरवून दाबतात. 23 डिसेंबर 1938 ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये या पियानोवाल्यांना मोठ्या स्टेजवर बसवलं आणि देशभर बूगीची लाट आली.

मग दुसरं महायुद्ध, आणि मोठे बँड मोडायला लागले. पंधरा-सोळा माणसं बसमधून फिरवायची, पगार द्यायचे, त्यात 1944 ला नाचाच्या जागांवर जबरदस्त कर लागला, परवडेना. मग पाच-सात जणांचे बँड आले आणि आवाज मात्र सोळा जणांचा हवा, म्हणून सॅक्सोफोनवाला किंचाळायला लागला, गिटारला वीज जोडली, ड्रमर जोरात मारायला लागला. लुई जॉर्डन आणि त्याचा टिम्पनी फाइव्ह हा त्या काळचा असा सगळ्यात गाजलेला बँड. याला जम्प ब्लूज म्हणतात. त्याच सुमारास रॉय ब्राऊनने 1947 ला ‘गुड रॉकिंग टुनाइट’ काढलं आणि वायनोनी हॅरिसने तेच गाणं परत गायलं, ते 1948 ला गाजलं, हॅरिसच्या रेकॉर्डमध्ये दोन-चारवरच्या टाळ्या स्पष्ट ऐकू येतात. चर्चमधली टाळी दारूच्या अड्ड्यावर आली ती अशी. आणि ‘रॉक’ हा शब्द तरी काय, चर्चमध्ये देवाच्या कुशीत झुलण्याला तोच आणि अंथरुणातल्या गोष्टीला पण तोच, 1922 ला ट्रिक्सी स्मिथच्या रेकॉर्डच्या नावातच रॉक आणि रोल दोन्ही आहेत.

आता न्यू ऑर्लिन्स, इथे मी जरा रेंगाळणार आहे.

ड्रम सेट ही वस्तूच मुळात अशा शहरांत जमली. रस्त्यावरच्या बँडमध्ये, अंत्ययात्रेच्या बँडमध्ये, बास ड्रम एक माणूस वाजवायचा, स्नेअर (खरखरीत आवाजाचा छोटा ड्रम) दुसरा, झांज कधी तिसरा. मग पायाने मारायचं पेडल आलं आणि तिघांचं काम एक जण बसून करायला लागला. पण तो रस्त्यावरच्या चालीचा डौल त्या शहरातल्या ड्रमरांच्या अंगात राहिलाच. अर्ल पामर अशांपैकी एक. जन्म 1924 चा, लहानपणी ड्रमर नव्हताच, टॅप डान्सर होता, आई आणि मावशीबरोबर स्टेजवर नाचायचा. मी विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगतो, कारण त्याच्या वाजवण्यात पायाचं शहाणपण आहे.

कॉसिमो मटासा नावाच्या माणसाचं न्यू ऑर्लिन्सला दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीत जे अँड एम स्टुडिओ. खोली लहान, सगळे एकत्र वाजवणार, नंतर काही दुरुस्त करायची सोय नाही, कोण कुठे उभा राहतो यावर आवाज ठरणार. 10 डिसेंबर 1949 ला तिथे फॅट्स डॉमिनोने ‘द फॅट मॅन’ रेकॉर्ड केलं. पियानोचा डावा हात रोडरोलरसारखा, आणि अर्ल पामरने काय केलं तर जॅझमध्ये गाण्याच्या अगदी शेवटच्या फेरीत जोर यावा म्हणून जो बॅकबीट ठेवायचे तो त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत धरला. आज आपल्याला यात काही वाटत नाही, कारण त्यानंतरचं जगातलं अर्धं संगीत असंच वाजतं. पण तेव्हा हा निर्णय होता. पहिलं गाणं कोणतं या प्रश्नाला माझं बोट दाखवायचं झालं तर मी इथे दाखवेन.

सहा वर्षांनी, 14 सप्टेंबर 1955, तीच खोली, तोच ड्रमर, आणि समोर लिटल रिचर्ड, जो मेकनच्या बस स्टँडवर भांडी घासत होता. दिवसभर रेकॉर्डिंग थंडच चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत तो जवळच्या एका ठिकाणी पियानोवर बसला आणि क्लबमध्ये गायचं त्याचं एक अश्लील गाणं जोरात ठोकलं. निर्माता बंप्स ब्लॅकवेलच्या लक्षात आलं की हवंय ते हेच, डोरोथी लाबॉस्ट्री नावाच्या गीतकार मुलीकडून घाईघाईत शब्द धुवून घेतले, आणि सेशनच्या शेवटच्या थोड्या मिनिटांत ‘टुटी फ्रुटी’ झालं. सुरुवातीची ती आरोळी आहे ना, तिचा अर्थ शोधत बसू नका, तो त्याच्या डोक्यातला ड्रमचा तुकडा आहे, तोंडाने म्हटलेला. आपल्याकडे तबलजी बोल म्हणून दाखवतो अगदी तेच, आणि मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते.

आणि आता मुद्दा. लिटल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ चालायचा, डाडा डाडा, हातोड्यासारखा. अर्ल पामर शफलवर वाढलेला. पामरने पुढे स्वतः सांगितलंय की ज्याला लोक रॉक अँड रोलचा ठेका म्हणायला लागले तो रिचर्डच्या उजव्या हाताशी जुळवून घेता घेता आला. ‘टुटी फ्रुटी’ मध्ये अजून ओढाताण ऐकू येते, 1957 च्या ‘ल्युसील’ पर्यंत सगळं सरळ झालंय. पामरला याचे मिळायचे ते रोजंदारीचे पैसे, रेकॉर्ड कितीही खपली तरी तेवढेच. आणि पॅट बून नावाच्या गोऱ्या गायकाने ‘टुटी फ्रुटी’ गुळगुळीत करून गायलं तर ते चार्टवर मूळ गाण्याच्या वर गेलं. दोन्ही एकामागोमाग एक ऐका, बूनच्या रेकॉर्डमध्ये ओढाताणच नाही.

मेम्फिसचं ‘रॉकेट 88’ बरेच जण पहिलं गाणं म्हणून सांगतात, तेही घेऊ. मार्च 1951, नाव जॅकी ब्रेन्स्टनचं, बँड आयक टर्नरचा. मिसिसिपीहून हायवेने येताना विली किझार्टच्या गिटारच्या ॲम्पची मोडतोड झाली, स्पीकर फाटला, सॅम फिलिप्सने त्यात कागद कोंबून तसाच वापरला, आणि तो भरडा, फाटका आवाज रेकॉर्डवर आला. गिटारच्या आवाजाच्या इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे. पण ठेक्याने विचाराल तर तो जम्प ब्लूजच, ड्रमर मस्त झुलतोय, म्हणून मी याला रॉक अँड रोलचा गळा म्हणेन, पाय नाही.

बिल हेलीवर मी फार वेळ घालवत नाही. आधी काउबॉय टोपी घालून कंट्री गाणारा माणूस, 12 एप्रिल 1954 ला न्यूयॉर्कला ‘रॉक अराउंड द क्लॉक’ केलं, निर्माता मिल्ट गेबलर, जो आधी लुई जॉर्डनच्या रेकॉर्ड करायचा, त्यामुळे ते सगळं कुठून उतरलंय ते समजतं. 1955 ला ते एका सिनेमाच्या सुरुवातीला वाजलं आणि आठ आठवडे अमेरिकेत एक नंबरवर राहिलं. नावाचं श्रेय क्लीव्हलँडचा रेडिओवाला ॲलन फ्रीड याला देतात, त्याने शब्द शोधला नाही, पण 1951 पासून रात्री रेडिओवर कृष्णवर्णीयांचं संगीत लावून त्याला हे नाव चिकटवलं, आणि गोऱ्या घरातली पोरं उशीखाली रेडिओ ठेवून ऐकायला लागली.

शिकागोत मात्र दोन माणसं थांबून ऐकण्यासारखी. बो डिडली, 1955, त्याचा ठेका शफल नाही आणि सरळ बॅकबीट पण नाही: एका बारमध्ये तीन ठोके, दुसऱ्यात दोन. हा क्यूबाचा क्लावे नावाचा ठेका, आणि तोच मांड्यांवरचा हॅम्बोन. जेरोम ग्रीन माराकस खुळखुळवतो, ड्रमर झांज सोडून टॉमवर (सेटमधल्या घुमणाऱ्या ड्रमवर) वाजवतो, आणि कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही. 1740 ला ढोल काढून घेतले होते ना, ते असे परत आले.

आणि चक बेरी. ईस्ट सेंट लुईसच्या क्लबमध्ये पियानोवाल्या जॉनी जॉन्सनच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांसमोर मुद्दाम गोऱ्या खेडुतांची कंट्री गाणी म्हणायचा, लोक आधी हसायचे मग नाचायचे. 21 मे 1955 ला शिकागोत चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी ‘मेबेलीन’ केलं, ते ‘आयडा रेड’ या जुन्या कंट्री गाण्यावरून आलंय. म्हणजे मुळं एकाच बाजूची नाहीत हे पण लक्षात घ्या, फिडल आणि बँजोच्या नाचगाण्यातली सरळ चाल इकडून आली. गिटारवर तो बूगी पियानोचा डावा हात वाजवतो, पण सरळ करून. त्याची ती सगळ्यांना माहीत असलेली सुरुवातीची ओळ तर लुई जॉर्डनच्या बँडमधल्या कार्ल होगन या गिटारवाल्याने 1946 लाच वाजवली होती, जवळजवळ जशीच्या तशी, फक्त झुलत.

आपल्याकडे हे पोचायला वेळ लागला नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी 1957 ला ‘ईना मीना डीका’ केलं, आणि त्या काळात मुंबईच्या स्टुडिओंत वाजवणारे कितीतरी गोवेकर हॉटेलांतल्या जॅझ बँडमधले होते, त्यांना झुलणं नव्याने शिकवावं लागलंच नाही. तेव्हाच इकडे पाचगणीला एका बोर्डिंग शाळेत फारुख बलसारा नावाचा पोरगा मित्रांना घेऊन ‘द हेक्टिक्स’ बँड करून लिटल रिचर्ड आणि फॅट्स डॉमिनोची गाणी पियानोवर वाजवत होता. तो पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला.

आता ऐकायचं कसं ते सांगतो. 1958 चं ‘जॉनी बी. गुड’ लावा, हेडफोन लावूनच. पहिल्यांदा फक्त ड्रम्स ऐका, फ्रेड बिलो वाजवतोय, शिकागोच्या ब्लूजचा माणूस, डाऽ-डा डाऽ-डा झुलत चाललाय. दुसऱ्यांदा ड्रम्स विसरा आणि फक्त चक बेरीची गिटार ऐका, डाडा डाडा, सरळ. तिसऱ्यांदा दोन्ही. दोघांचे दुसरे तुकडे एकमेकांवर बसत नाहीत, केसाएवढी फट राहते, आणि गाणं सतत पुढे ढकललं जातंय असं वाटतं ते त्या फटीमुळे. वाजवणारे असाल तर जोडीदार घ्या, अगदी कमी लयीत एकाने मांडीवर शफल आणि दुसऱ्याने टेबलावर सरळ वाजवा, एकमेकांकडे न बघता, आणि पहिल्या दोन मिनिटांत दोघंही एकाच बाजूला घसरणार आहात, घसरलात की थांबा आणि परत एकपासून मोजा.